रोजा आहे का? दवाखान्यात विचारा, चौकात नको

रमजानचा चंद्र दिसला की पुढचा महिनाभर एक प्रश्न गावभर फिरत असतो, 'रोजा आहे का?' एसटी स्टँडवर, कचेरीत, शाळेच्या शिक्षकखोलीत, लग्नाच्या मांडवात तो विचारला जातो. हिंदू मित्र तो कौतुकाने विचारतो आणि स्वतःचा चहाचा कप हळूच मागे सरकवतो. मोहल्ल्यातला वडीलधारा माणूस तोच प्रश्न जरा दरडावून विचारतो. एका ठिकाणी मात्र तो सहसा कानी पडत नाही, आणि त्याची खरी गरज तिथेच असते. ते ठिकाण म्हणजे डॉक्टरांची तपासणीची खोली.

दाढ ठणकू लागते, घशात पू होतो, लघवीला जळजळ सुरू होते, छातीत कफ साठून ताप चढतो. रोजेदार दवाखान्यात जातो. डॉक्टर तपासतात आणि चिठ्ठीवर प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक लिहून देतात. औषधाच्या नावापुढे तीन आकडे असतात, १-१-१. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. रुग्ण मान डोलावतो. दुपारी आपल्या पोटात पाण्याचा थेंबही जाणार नाही, हे तो सांगत नाही. डॉक्टर विचारत नाहीत. चिठ्ठी मेडिकलमध्ये जाते, गोळ्या घरी येतात आणि त्या तीन आकड्यांमधल्या मधल्या एकाचे काय करायचे, हा निर्णय स्वयंपाकघरात होतो.

तिथे निरनिराळे तोडगे निघतात. कुणी दुपारची गोळी सरळ गाळतो. कुणी इफ्तारला दोन एकदम घेतो आणि हिशेब पुरा झाला असे समजतो. कुणी इफ्तार, तरावीहनंतर आणि सहरी अशा तिन्ही गोळ्या रात्रीतच उरकतो. कुणी दोन दिवस रोजा सोडून गोळ्या नीट घेतो, ताप उतरला की पाकीट कपाटात टाकतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रोजा धरतो. यातला कोणीही बेफिकीर नाही. औषध आणि इबादत दोन्ही सांभाळण्याची त्यांची धडपड खरी असते. पण अशा तडजोडीत रोग अर्धवट राहतो आणि रोजेदाराची तब्येत धोक्यात येते.

गोळीची वेळ डॉक्टर सवयीने लिहीत नाहीत. गोळी पोटात गेल्यावर औषध रक्तात चढते, काही तास टिकते आणि मग मूत्रपिंडे किंवा यकृत त्याला शरीराबाहेर काढतात. पेनिसिलिनच्या घराण्यातल्या अमॉक्सिसिलिनसारख्या औषधांचे यश, ती रक्तात पुरेशा प्रमाणात किती तास टिकली, यावर अवलंबून असते. ती शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून दर आठ तासांनी घ्यायची असतात. एकदम दोन गोळ्या घेतल्याने हे तास दुप्पट होत नाहीत. पोट मात्र बिघडू शकते. औषधाची पातळी खाली घसरली की उरलेल्या जिवाणूंना पुन्हा वाढायला फुरसत मिळते.

घड्याळ समोर ठेवले की हे स्पष्ट होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रमजान आला की महाराष्ट्रात रोजा साधारण तेरा तासांचा असतो. संध्याकाळी पावणेसातला इफ्तारबरोबर पहिली गोळी, रात्री बाराला दुसरी आणि पहाटे पाचला सहरीबरोबर तिसरी घेतली, तर पहिल्या दोन अंतरांत जेमतेम पाच-पाच तास पडतात आणि पुढचे पावणेचौदा तास कोरडे जातात. तीन वेळांचे औषध रात्रीत बसत नाही, ते असे. कितीही युक्ती लढवली तरी दिवस चोवीस तासांचाच राहतो.

दोन वेळांच्या म्हणजे १-०-१ औषधाची गोष्ट वेगळी आहे. इफ्तार आणि सहरी यांत रात्री सव्वादहा तास आणि दिवसा पावणेचौदा तास असे अंतर पडते. ते नेमके बारा-बारा तास नाही, पण औषध आणि आजार पाहून डॉक्टर अशा वेळांना संमती देऊ शकतात. अझिथ्रोमायसिनसारखे काही औषध दिवसातून एकदाच घ्यायचे असते. ते इफ्तारनंतर रोज ठरलेल्या वेळी घेता येते. म्हणजे योग्य वेळी सांगितले, तर पुष्कळदा मार्ग निघतो. मात्र 'मला एकवेळचीच द्या' असा हट्ट रुग्णाने धरू नये. कोणत्या जंतूवर कोणते औषध चालते, हे आधी पाहावे लागते. रोजाला सोयीचे औषध जर आजाराला लागू पडत नसेल, तर ते घेऊन उपयोग काय?

वेळेइतकेच महत्त्व ताटाला आहे आणि रमजानच्या ताटात काही औषधांचे वैरी असतात. सहरीला अनेक घरांत दूध-फेणी असते, इफ्तारला दुधातले गुलाबी सरबत असते. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे दुधातल्या कॅल्शियमला बांधली जातात आणि रक्तात कमी उतरतात. दही, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि पित्तावरची पांढरी पातळ औषधे यांचेही तसेच. गोळी वेळेवर घेतली, पण सोबत दुधाचा पेला रिचवला, तर तिचा बराचसा भाग वायाच जातो. अशी औषधे साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि दूध, लोह, कॅल्शियम यांच्यापासून किती तास दूर ठेवायची, हे विचारून घ्यायचे. उलट अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची जोडगोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतली की पोटाला कमी त्रास देते. 'रिकाम्या पोटी' आणि 'जेवणानंतर' हे शब्द चिठ्ठीवर असतील, तर त्यांना अर्थ असतो.

सहरीची आणखी एक सवय धोक्याची आहे. अजान व्हायला दोन मिनिटे उरली की घाईघाईने घोटभर पाण्यात गोळी गिळायची आणि लगेच आडवे व्हायचे. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल अशी घेतली, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. मग गिळताना छातीत सुरीने कापल्यासारखे दुखते. हे औषध पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावे आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. फज्रची नमाज होईपर्यंत जागे राहिले, तर हा अर्धा तास आपोआप भरून निघतो.

लघवीच्या जंतुसंसर्गात भरपूर पाणी पोटात जावे लागते, म्हणून तिथे प्रश्न गोळ्यांपुरता उरत नाही. अशा आजारात थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर पाठीत दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असू शकतो. तिथे रोजा धरून बसणे म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ. मधुमेहाच्या रुग्णाने तर अधिक सावध असावे. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे साखर उतरवू शकतात. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि त्यात उपाशी पोट, अशी तिन्ही एकत्र आली की घाम, थरथर, भोवळ आणि बेशुद्धीपर्यंत पाळी येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना केवळ रोजाबद्दल सांगून भागत नाही. चालू असलेली सर्व औषधे, गरोदरपण, अंगावर पाजणे, मूत्रपिंडाचा विकार आणि पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील तर तेही सांगावे लागते.

आता धर्माची बाजू. ती आधी समजली, तर वैद्यकीय बाजू पाळणे सोपे होते. रोजे फर्ज असल्याचे सांगणारा कुरआनमधला भाग म्हणजे सूरह अल-बकराच्या १८३ ते १८५ या आयती. त्याच भागात आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिलेली आहे. सुटलेले रोजे नंतर इतर दिवसांत पूर्ण करावेत आणि ईश्वराला माणसांसाठी अडचण नको, सुलभता हवी आहे, असा त्याचा आशय आहे. हुकूम आणि सवलत एकाच ठिकाणी, एकाच श्वासात आलेली आहेत. पहिली आयत मानायची आणि पुढच्या दोन आयतींना कमीपणा समजायचा, याला दीनदारी कसे म्हणावे? नंतर पूर्ण करायच्या रोजाला कजा म्हणतात. ज्या आजारातून बरे होण्याची आशा नाही, त्यात रोजाच्या बदल्यात गरजूला जेवू घालण्याची, म्हणजे फिदयाची वाट आहे. आठवडाभराच्या गोळ्या घेणाऱ्याला तर एवढेही लागत नाही. त्याने बरे व्हावे आणि रमजान संपल्यावर तेवढे दिवस भरून काढावेत.

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात एक प्रसंग आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याच्यावर स्नान आवश्यक झाले, तेव्हा पाण्याऐवजी मातीने शुद्ध होण्याची सवलत आपल्याला आहे का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध आहे, तेव्हा सवलत नाही, असे त्यांनी सांगून टाकले. त्याने स्नान केले आणि तो दगावला. ही हकिकत कानी गेल्यावर हजरत मुहम्मद पैगंबर (स.) त्या सोबत्यांवर संतापले. ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, अज्ञानावरचा इलाज विचारणे हाच आहे, असे त्यांनी सुनावले. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा प्रसंग आजच्या दवाखान्याच्या दारात उभा करावा इतका ताजा आहे. आजाऱ्याला रोजा धरण्याची गळ घालणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याने तो ऐकायला हवा.

कजा म्हणजे काय, हे घरातल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. मासिक पाळीच्या दिवसांतले रोजे त्या दरवर्षी रमजाननंतर गुपचूप पूर्ण करतात. त्यात त्यांना कधी उणेपणा वाटलेला नाही. अडचण होते ती पुरुषांची, विशेषतः ज्याचा 'एकही रोजा आजवर सुटला नाही' असा लौकिक असतो त्याची. आणि गंमत अशी की त्याच बायका आजारी पडल्या की मात्र दुखणे लपवतात. सहरीचा तवा आणि इफ्तारची कढई त्यांच्याच माथी असते. आपण झोपलो तर घर उपाशी राहील, या धास्तीने त्या ताप अंगावर काढतात आणि गोळ्या जमतील तशा घेतात. त्या घरातल्या मुलांनी चार दिवस भजी तळली, फळे कापली, तर रमजानची बरकत कमी होणार नाही.

विचारण्याची जबाबदारी मात्र एकट्या रुग्णाची नाही. लहान शहरांत अनेक डॉक्टर हिंदू किंवा जैन असतात. रुग्णाच्या धर्माबद्दल बोलणे बरे दिसत नाही, म्हणून ते संकोचतात. रुग्णाला वाटते, रोजाचे नाव काढले तर डॉक्टर 'आधी उपवास सोडा' म्हणून रागावतील. दोन्हीकडचा संकोच सभ्य आहे, पण त्याचे बिल रुग्णाच्या शरीरावर फाटते. खरे तर अशा डॉक्टरांना उपवास परका नाही. चतुर्थीला, एकादशीला, नवरात्रात नऊ दिवस, पर्युषणात आठवडाभर त्यांच्या समोरचे रुग्ण उपाशीच असतात. 'आज उपवास आहे, जेवणानंतरची गोळी केव्हा घेऊ?' हा प्रश्न घेऊन मेडिकलमध्ये उभी राहणारी आजी आणि दुपारची गोळी कपाटात ठेवणारा रोजेदार यांची अडचण एकच आहे. म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांनी सर्वांनाच विचारावे, 'सध्या उपवास-रोजा काही चालू आहे का?' एवढ्या एका वाक्याने औषध बदलू शकते, वेळ बदलू शकते, किंवा 'हे आठ दिवस रोजा धरू नका' असे स्पष्ट सांगता येते. आणि डॉक्टरांनी तसे सांगितले, तर तो धर्मात हस्तक्षेप ठरत नाही. आजाऱ्याला सवलत धर्मानेच दिली आहे. हा माणूस आजारी आहे, एवढीच साक्ष डॉक्टर देतात.

पुढचा दुवा मेडिकलचा. काही रोजेदार डॉक्टरांना टाळून थेट काउंटरवर जातात आणि 'घशासाठी काहीतरी स्ट्राँग द्या, रोजा आहे, एकदाच घ्यायची द्या' असे म्हणतात. अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नये, असा तिचा अर्थ. केंद्र सरकारने २०१६ मध्ये या लाल रेघेची लोकांना ओळख करून देण्याची मोहीम काढली होती. त्याआधी मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविके 'एच-वन' या वेगळ्या यादीत घातली गेली. त्या औषधांसाठी दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव नोंदवहीत लिहावे लागते आणि ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. कायदा आहे, पण ओळखीचा माणूस समोर उभा राहिला की वही मिटते. साधी सर्दी, बहुतेक खोकले आणि फ्लू विषाणूंमुळे होतात आणि त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. तिथे ही गोळी घेणे म्हणजे फुकटचे जुलाब ओढवून घेणे. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेणे किंवा शेजारणीला 'मला याने बरे वाटले' म्हणून चार देणे हेही तितकेच चुकीचे. वाटावाटी इफ्तारच्या खजुरांची करावी, गोळ्यांची नको.

ही चूक एका घरापुरती राहत नाही. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. ते त्याच्या बायकोकडे जातात, तिला न्यूमोनिया होतो आणि तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, हा फ्लेमिंग यांचा प्रश्न होता. औषध बाजारात नवे असताना त्याच्या जनकाने दिलेला हा इशारा होता. पुढे काय झाले, ते आकड्यांत दिसते. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. असे जिवाणू मशीद आणि मंदिराच्या गल्ल्या वेगळ्या ओळखत नाहीत. एकाने चुकीची घेतलेली गोळी शेजारच्या बाळंतिणीला किंवा नवजात बाळाला महागात पडू शकते.

म्हणून काही साध्या गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. एखादी गोळी विसरली, तर आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर विसरलेली सोडून द्यावी. दोन कधीही एकत्र घेऊ नयेत. औषध किती दिवस घ्यायचे, हे चिठ्ठीवर असेल तेवढेच. काही आजारांत हल्ली कमी दिवसांचा कोर्सही पुरतो असे दिसून आले आहे, पण कोणत्या आजारात आणि किती, हे डॉक्टर ठरवतील, उतरलेला ताप नव्हे. गोळी घेतल्यावर अंगभर पुरळ उठले, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर पुढची गोळी न घेता ताबडतोब रुग्णालय गाठावे. वारंवार पातळ जुलाब होऊ लागले किंवा त्यात रक्त दिसले, तर इफ्तारची वाट पाहत बसू नये. अशा वेळी पाणी पिणे हेच धर्माला धरून आहे. क्षयरोगाचे रुग्ण तर सहा-सहा महिने रोज औषध घेत असतात. त्यांनी एका दिवसाचीही वेळ आपल्या मनाने बदलू नये. क्षयरोग केंद्रात रमजानच्या आधीच विचारून यावे.

मशिदींमध्ये जुम्याच्या खुत्ब्याआधी इमाम साहेब उर्दूत चार गोष्टी सांगतात. रमजानच्या पहिल्या जुम्याला त्यात पाच मिनिटे या विषयाला मिळाली, तर किती घरांतला पेच सुटेल! 'आजारी असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग आम्हाला विचारा' एवढे मिंबरवरून ऐकू आले की घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या मनावरचे ओझे उतरते. सरकारी फलकांपेक्षा त्या आवाजावर लोकांचा विश्वास जास्त आहे.

आणि उरतो तो चौकातला प्रश्न. भर दुपारी कोणी पाण्याची बाटली तोंडाला लावलेला दिसला की 'क्यों मियाँ, रोजा नहीं है क्या?' असे चारचौघांत विचारण्याची खोड गावोगावी आहे. विचारणाऱ्याला ती थट्टा वाटते. पण त्या माणसाच्या खिशात कदाचित १-१-१ लिहिलेली चिठ्ठी असते आणि ती दुपारची गोळी घेण्यासाठी त्याने स्वतःच्या मनाशी बरेच भांडण केलेले असते. त्या एका टोमण्याने तो उद्यापासून लपून गोळी घेईल, किंवा घेणारच नाही. रोजा हा बंदा आणि त्याचा ईश्वर यांच्यातला मामला आहे, असे सगळेच म्हणतात. तो तसाच राहू द्यावा. हाच प्रश्न डॉक्टरांनी विचारला तर ती काळजी असते, चौकात विचारला तर झडती होते. ज्याला अगदीच काही बोलायचे असेल, त्याने त्या आजारी माणसाला संध्याकाळी इफ्तारला बोलवावे. दस्तरखानावर बसायला रोजा असावाच लागतो, असे कुठेही लिहिलेले नाही.